कोपऱ्यावरचं बुटांचं दुकान

कॅडवेल, ओहायो
३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ऑर्फा मावशी,

लॉइसताईचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आणि शुद्धीवर आल्या आल्या तू नर्सच्या बुटांना नावं ठेवलीस म्हणे. ते ऐकून मला हायसं वाटलं. फोनवर बोलणं तुला आवडत नाही, म्हणून रविवारी लिहायचं ठरवलं आहे. लॉइसताईच्या घरी, केंटकीत, टपाल तीन दिवसांत पोचतं असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

दुकान ठीक आहे. बर्निसकाकू वेळेवर उघडते आणि वेळेच्या जरा आधीच बंद करते. तिनं काचेत बर्फातले बूट मांडलेत. तुझ्यासारखी जोडी तिरकी ठेवणं तिला जमत नाही. बूट कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. मी दोनदा सरळ केले, म्हणजे तिरके केले. तिनं पुन्हा रांगेत लावले.

जायच्या आधी तू विचारत होतीस, गावातले लोक एकदम इतके प्रेमळ का झालेत. मिसेस स्टाउटनी एका दिवसात तीन जोड नेले आणि निघताना तुझा हात बराच वेळ धरून ठेवला. चर्चच्या बायकांनी दोन आठवड्यांत चार वेळा नूडल्सचं भांडं पाठवलं. ऑपरेशनचं कळलं असेल, असं तू म्हणालीस. तसंच असेल.

रिकामे गाळे भरायचं माझं मंडळातलं काम चालू आहे. मेन स्ट्रीटवर एक्केचाळीस गाळे, त्यातले चौदा रिकामे. मंडळाच्या प्रमुख पाइकबाई म्हणतात, महिन्यातून एक तरी बाहेरचा माणूस या रस्त्यावरून चालवून आण, त्याला गाळे दाखव, कॉफी पाज. पुढच्या आठवड्यात कोलंबसहून एक जोडपं येणार आहे. त्यांना पावाची भट्टी टाकायची आहे. खरी, विटांची. मंडळातले सगळे अगदी पाहुणे येणार असल्यासारखे उत्साहात आहेत. सरकारी निधी जूनपर्यंत आहे आणि माझी नोकरी त्या निधीवर. पण ते तुला माहीतच आहे.

तू सांगितलेलं लक्षात आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी गाळ्याचे मालक डेल क्रिबल येतील, त्यांना कॉफी द्यायची, तुझ्या वतीनं त्यांच्या हातात हात द्यायचा. बावीस वर्षं तुमचा दर वर्षीचा भाडेकरार एवढाच आहे. मी दिवसभर दुकानातच थांबेन.

आणखी एक गोष्ट लिहायची होती, पण तू बरी झालीस की लिहीन.

तुझी,
लिडिया


१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मावशी,

तू लॉइसताईच्या स्वयंपाकघरापर्यंत वॉकर न घेता गेलीस आणि ती तुला ओरडली, हे कळलं. तिचं ऐक.

ते जोडपं येऊन गेलं. एलियट आणि मॅरिसोल. ती बोलते, तो भिंतीवर थापट्या मारून भिंत केवढी जाड आहे ते बघतो. जुन्या बँकेत नेलं, तर तिजोरीच्या दारासमोर उभं राहून दोघांनी फोटो काढला आणि म्हणाले, छान आहे, पण इथे पाव कोण घ्यायला येईल? जव्हेऱ्याचा गाळा भट्टीला अरुंद. औषधाच्या दुकानाचं छत गळतं. तुझ्या काचेसमोर थोडा वेळ थांबले. मग आम्ही पुढे गेलो.

मॅरिसोल चांगली आहे. तिची आई कापडाच्या गिरणीत होती. तिला मुलं नाहीत, पण भाचरं खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी तिनं बर्निसकाकूकडून मोज्यांचे सात जोड घेतले. तुला ती आवडली असती. मला ती आवडू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

हॅच मास्तरांनी तुला नमस्कार सांगितलाय. बँड शिकवणं सोडून नऊ वर्षं झाली तरी चालताना पावलांचा ठेका मोजतात. मंडळाच्या कामाला ते अजून येतात. तुझी तब्येत विचारताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं. कदाचित नसेल पाहिलं. मला हल्ली असं वाटत राहतं.

तुझी,
लिडिया


१ डिसेंबर, रविवार

प्रिय मावशी,

काल मी नऊपासून दुकानात होते. तुझ्या निळ्या कपात डेल क्रिबल यांची कॉफी, बर्निसकाकूचा पंपकिन पाय, आणि मी. गर्दी बरी होती. लहान मुलांचे सहा जोड गेले. दर वेळी दार वाजलं की मी उठायचे.

दोन वाजता ते दिसले. समोरच्या फुटपाथवरून चालले होते. त्यांनी आमच्या काचेकडे पाहिलं, टोपीला हात लावला, आणि पुढे गेले.

बर्निसकाकू म्हणाली, "डेल विसरणाऱ्यातला नाही. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण हा शनिवार नाही विसरणार."

"मग आले का नाहीत?"

"मला काय विचारतेस? मंडळात तू आहेस. मी फक्त बूट विकते."

ती माझ्याकडे न बघता हे बोलली, आणि पंपकिन पाय कापून मला न विचारता मोठा तुकडा दिला. लोक मला हल्ली असे मोठे तुकडे देतात.

पाच वाजेपर्यंत थांबले. उद्या त्यांच्या धान्याच्या दुकानात जाऊन विचारते. तू काळजी करू नकोस. हे लिहिताना मलाच ते खरं वाटत नाही, पण लिहिते आहे.

तुझी,
लिडिया


४ डिसेंबर, बुधवार

मावशी,

हे पत्र रविवारपर्यंत थांबू शकत नाही. लॉइसताईनं आधी उघडलं असेल तर तिनं ते तुला द्यावं, तुझ्यापासून लपवू नये.

सोमवारी मी डेल क्रिबल यांच्याकडे गेले. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "शनिवारी आला नाहीत?"

ते चष्मा पुसत राहिले. "मला वाटलं, तिला अवघड होईल."

"काय अवघड होईल?"

"माझा हात धरून नाही म्हणणं. बावीस वर्षांनी. आणि ती तिकडे बिछान्यात, तिच्या वतीनं तू. तुम्हा दोघींच्या तोंडून ते वदवून घ्यायचं का? म्हटलं, राहू दे. सगळ्यांना कळलेलंच आहे. आपण आपलं समजून घ्यावं."

"मावशी दुकान बंद करते आहे असं तिनं तुम्हाला सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायला हवं, पोरी? तूच लिहिलंस ना. सप्टेंबरच्या बैठकीत कागद फिरला. बारा महिन्यांत निवृत्ती, पुढे चालवणारं कोणी नाही. आमची हेलन तर घरी येऊन रडली. तिनंच चर्चच्या बायकांना नूडल्सचं सांगितलं."

मग त्यांनी मला सांगितलं की त्यांनी एलियट आणि मॅरिसोल यांच्याबरोबर सही केली आहे. फेब्रुवारीच्या एक तारखेपासून कोपरा त्यांचा.

मी म्हटलं, "तुम्ही तिला एकदा विचारायला हवं होतं."

ते म्हणाले, "तू विचारलं होतंस की." रागानं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आता ऑगस्टचं सांगते. दर उन्हाळ्यात मंडळाची माणसं प्रत्येक दुकानात जाऊन मालकाला तेच पंधरा प्रश्न विचारतात. काय अडचण आहे, किती दिवस राहणार, काय मदत हवी. जुनी दुकानं टिकावीत म्हणून ही पद्धत. नियम असे आहेत की दोघांनी जायचं, स्वतःच्या नातेवाइकाकडे जायचं नाही, आणि लिहिलेलं मालकाला वाचून दाखवून त्याची सही घ्यायची. तुझ्याकडे हॅच मास्तर आणि दुसरं कोणीतरी येणार होतं. मास्तर ईरी सरोवरावर मासे पकडायला गेले आणि दुसऱ्या बाईंचा नातू आजारी पडला. त्याच आठवड्यात कागद द्यायचे होते. तेव्हा मी ते माझ्याकडे घेतलं.

त्या दिवशी मी मागच्या खोलीत आले ते तुला आठवत असेल. तू पायांच्या मापांची कार्डं लावत होतीस. मी तुझ्यासमोर कागद काढला नाही. तू म्हणालीस, "हा हिवाळा कसाबसा काढेन. पुढचा नाही निघायचा. गुडघा नाही, मीच कंटाळले आहे, लिडिया. लॉइसला सांगू नकोस." मी तुझ्यासाठी चहा केला. घरी गेल्यावर तुझं बोलणं पंधरा प्रश्नांत बसवून लिहिलं. सहीच्या जागी 'तोंडी' असं लिहिलं.

लहानपणी तू मला शिकवलंस की वहीतला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं खरं लिहायचं. मला ठाऊक होतं, आणि ते खरं होतं. दुसरं काही लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. म्हणून लिहिलं.

ऑक्टोबरात लोक का प्रेमळ झाले होते ते आता तुला कळलं. मला तेव्हाच कळलं होतं.

लिडिया


८ डिसेंबर, रविवार

मावशी,

बुधवारचं पत्र टाकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. त्यात मी स्वतःला बरंच सांभाळून घेतलं आहे. वहीचा प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तू सांगितलंस, खरं आहे. पण मी अकरा वर्षांची होईपर्यंत तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुझ्याकडेच शिकले, आणि कुठलं बोलणं घरातलं आणि कुठलं दुकानातलं हेही तू मला तिथेच शिकवलंस. मधल्या पडद्याच्या अलीकडे रडलेलं पलीकडे दुकानात न्यायचं नाही. मला ते येत होतं. मी विसरले नव्हते.

मला तो कोपरा हवा होता.

माझ्यासाठी नाही, मंडळाच्या गाळ्यांच्या यादीसाठी. दीड वर्ष मी बाहेरच्या लोकांना गळकी छतं आणि अरुंद गाळे दाखवते आहे. येणारा प्रत्येक माणूस तुझ्या काचेसमोर थांबतो. दोन्ही बाजूंनी ऊन, समोर चौक. निधी जूनमध्ये संपणार होता. मंडळाला दाखवायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं. तू 'कंटाळले' म्हणालीस तेव्हा चहा करता करता माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा गाळा रिकामा होणार. तुझ्या गुडघ्याचा विचार त्यानंतर आला. फार वेळानं नाही, पण नंतर.

सप्टेंबरात 'लवकरच उपलब्ध' अशी नवी यादी केली. तिच्यात एकच पत्ता आहे, आणि तो मी स्वतः टाइप केला. मी मनाशी म्हटलं, मावशी थांबेल तेव्हा थांबेल, तोवर चांगला भाडेकरू बघून ठेवला तर डेल क्रिबल यांनाही बरं आणि तिलाही घाई नाही. हे मी इतकं नीट म्हटलं की मला ते पटलं.

सतरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की आम्ही तुझ्या काचेसमोरून पुढे गेलो. तसं झालं नव्हतं. मॅरिसोल म्हणाली, "काय उजेड आहे इथे. हा कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या मावशीचा. रिकामा नाही." पाइकबाई मागून म्हणाल्या, "आत्ता नाही." मॅरिसोलनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकले असते. तीन सेकंद माझ्याकडे होते. मी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागले.

त्या खोलीत शिकत असते तर तू मला हे सगळं पुन्हा लिहायला लावलं असतंस. मी लिहिलं आहे. याहून खरं मला येत नाही.

लिडिया


२२ डिसेंबर, रविवार

मावशी,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की घडी फाटायला आली. 'मी बोलले ते खरं होतं. पण मी ते तुला बोलले होते. मंगळवारी मी थकलेली असते आणि बुधवारी नसते, हे कोणत्या रकान्यात लिहायचं होतं?'

काय झालं तेवढं सांगते.

गुरुवारी मंडळाची बैठक होती. मी उभं राहून सांगितलं की तुझ्या दुकानाचा कागद मी एकटीनं केला, तू माझी मावशी असताना केला, तुला दाखवला नाही, सही घेतली नाही, आणि तू दुकान बंद करणार आहेस असं तू मंडळाला कधीच कळवलेलं नाही. मला वाटलं आता कोणीतरी ओरडेल. मिसेस स्टाउटनी नाताळच्या बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवली. आपल्या गावात असंच करतात. डेल क्रिबल टेबलाकडे बघत म्हणाले, "मग मी तिला न विचारता बाहेर काढलं." हेलनकाकू म्हणाली, "आपण सगळ्यांनी काढलं, डेल. नूडल्स देऊन."

सही परत घेता येत नाही. मी मॅरिसोललाही फोन केला होता. तिला हे काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कोलंबसची जागा आम्ही सोडून बसलोय. मी काय करू, तू सांग." मी तिला काय करायला सांगणार होते?

मग मी बैठकीत दुसरी गोष्ट काढली. नव्या दुकानदाराला आपण तीन महिने भाडं माफ करतो, भिंती रंगवून देतो, पाटी करून देतो. हे सगळं ऑर्फाला द्या आणि तिच्यासाठी जव्हेऱ्याचा गाळा उघडा, असं मी म्हटलं. तो भट्टीला अरुंद आहे, बुटांना नाही.

पाइकबाई म्हणाल्या, "ती योजना नव्यांसाठी आहे, लिडिया."

"जुन्यांसाठी काय आहे?"

"जुन्यांना आपण भेटायला जातो ना, दर उन्हाळ्यात."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पाइकबाईंचा चेहरा लाल झाला. त्या वाईट नाहीत, मावशी. त्यांनी दहा वर्षांपूर्वी हा रस्ता अर्धा अंधारात असताना हातात घेतला. पण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की आम्ही येणाऱ्याला काय काय देतो त्याची चार पानं आहेत, आणि राहणाऱ्याला देतो ते पंधरा प्रश्न.

हॅच मास्तर उठले. "मी त्या दिवशी मासे पकडत होतो," ते म्हणाले. "सहा मिळाले, तेही बोटभर. माझी जागा रिकामी होती म्हणून हे झालं. ठराव माझ्या नावानं लिहा." सात विरुद्ध दोन असा तो मंजूर झाला.

आता हा ठराव तुझ्यापर्यंत कसा न्यायचा, ते मला कळत नाही. मी तुला काहीही देऊ केलं तरी ते माझं मन हलकं करायलाच दिल्यासारखं होईल, आणि थोडं तसं आहेही. म्हणून मी फक्त कळवते आहे. तुला दुकान हवं आहे की नको, हे मी विचारत नाही. ते विचारायचा माझा हक्क मी ऑगस्टात वापरून टाकला.

लिडिया


२६ जानेवारी, रविवार

मावशी,

लॉइसताईकडून निरोप आला, की तू या बाबतीत हॅच मास्तरांशीच बोलशील, माझ्याशी नाही. मास्तर तुझ्याशी तासभर फोनवर बोलले. फोनवर, तू. नंतर मला एवढंच म्हणाले, "जव्हेऱ्याचा गाळा झाडून घे."

मी म्हटलं, "म्हणजे ती येणार आहे?"

"मी म्हणालो, झाडून घे. झाडायला कारण लागतं का?"

तर मी झाडला. जुन्या मालकानं भिंतीला घड्याळांच्या खुंट्या ठेवल्या होत्या, त्या काढल्या. फरशी तीनदा पुसली. मास्तर रंग देताना चौथ्या फटकाऱ्याला थांबतात, पुन्हा एकपासून सुरू करतात.

काल कोपऱ्यावरचं सामान हललं. डेल क्रिबल यांनी त्यांचा धान्याचा ट्रक आणला आणि स्वतः खोकी उचलली. त्यांना पाठीचा त्रास आहे, कोणाचं ऐकलं नाही. सगळ्या खोक्यांना दाण्यांचा वास लागला आहे, त्याबद्दल माफ कर. बर्निसकाकू दारात उभी राहून आम्हाला मापानुसार लावायला सांगत होती. "तुम्हा लोकांना पाय फक्त चालायला दिलेत," असं ती मला म्हणाली. ती माझ्याशी बोलते. तुझ्या वतीनं बोलत नाही, हे तिनं स्पष्ट केलं आहे.

मापांच्या कार्डांचे सहाही खण मी एकटीनं नेले, क्रम मोडू नये म्हणून. कोणाचंही कार्ड वाचायचं नाही असं ठरवलं होतं. माझं वाचलं. चार वर्षांची असतानाचं. डावा पाय मोठा आहे, तो अजूनही आहे. त्याखाली तुझ्या अक्षरात, 'उजव्याच्या मापाचे मागते, कारण ते लहान दिसतात. देऊ नये.'

मी राजीनामा लिहून पाइकबाईंना दिला. त्यांनी तो वाचून परत दिला. म्हणाल्या, "हे काम कोणाला हवंय, लिडिया? आणि तुला इतक्या सहज सुटायचंय का?" मी राहिले आहे. नातेवाइकांचं काम माझ्याकडे येत नाही, आणि कोणाकडेही एकटीनं जायचं नाही असं मी स्वतःलाच लिहून दिलं आहे.

लिडिया


६ एप्रिल, रविवार

मावशी,

तू परत आलीस त्याला तीन आठवडे झाले. आपल्या दोघींच्या घरांमध्ये तीन गल्ल्या आहेत, आणि तरी मी हे टपालातच टाकणार आहे. तू काठी घेऊन येताना मी पोस्टाच्या पायरीवरून पाहिलं. तू मला पाहिलंस. तू मान हलवलीस, आणि गाडीतून उतरणाऱ्या बर्निसकाकूकडे वळलीस. मान हलवलीस त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे.

कोपऱ्यावर मॅरिसोलचं दुकान मार्चच्या मध्यात उघडलं. पहिल्या शनिवारी रांग चौकापर्यंत होती. सकाळी पूर्ण रस्त्यावर पावाचा वास असतो, आणि लोक थांबून खोल श्वास घेतात. शेजारच्या दोन रिकाम्या गाळ्यांसाठी विचारणा झाली, एकाची सहीही झाली. आता रिकामे बारा. निधी आणखी दोन वर्षांसाठी मंजूर झाला. पाठवलेल्या अहवालात माझं नाव दोनदा आहे. सगळ्यांच्या मते माझं हे वर्ष चांगलं गेलं. तू हे दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मॅरिसोलनं तुला पाव पाठवला होता आणि तू तो ठेवून घेतलास, असं ती म्हणाली. "तिनं माझे बूट बघितले," मॅरिसोल म्हणाली, "आणि म्हणाली, भट्टीपुढे दिवसभर उभी राहतेस आणि हे घालतेस? बस इथे." मोजल्यावर तिचं माप अर्ध्या नंबरानं चुकीचं निघालं. ती नवे बूट घालून मला दाखवायला आली. तू तिच्यावर राग धरला नाहीस. तो सगळा माझ्यासाठी आहे, आणि तो योग्य ठिकाणी आहे.

सोमवारी तू जव्हेऱ्याच्या गाळ्यात दुकान उघडलंस. ईस्टर जवळ आला आहे, चर्चला जायला लहान मुलांचे नवे बूट हवे असतील. मी आत आले नाही. सकाळी कामाला जाताना समोरच्या फुटपाथवरून गेले. काचेत जोड्या तिरक्या ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा कळलं की बर्निसकाकूनं नाही, तू ठेवल्यास.

बुधवारी हॅच मास्तर आणि हेलनकाकू तुझ्याकडे कागद घेऊन आले होते. नव्या जागेत उघडलेल्या प्रत्येक दुकानाला ते पहिल्या आठवड्यात भेटतात. मास्तर येताना शीळ वाजवत होते. मी कार्यालयात होते. त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पंधराच्या पंधरा. सही सुद्धा. वाचून दाखवताना दोन ठिकाणी तिनं माझं स्पेलिंग सुधारलं."

"मग यादीत चढवायला..."

"तुला द्यायचं नाही, असं ती म्हणाली. याच अटीवर उत्तरं दिलीत." मास्तरांना कोणाला दुखवायचं जिवावर येतं. "ती चिडून नाही म्हणाली हं. कॉफी देताना म्हणाली. सगळ्यांना सांगेन, लिडियाला नाही."

पाइकबाईंनी कागद वाचला आणि त्यांच्या खणात ठेवून कुलूप लावलं. काय वाचलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं का, हे बघायचा मोह मला झाला. मी खिडकीबाहेर बघितलं.

तर आता असं आहे, मावशी. मेन स्ट्रीटवर आता एकोणतीस दुकानं आहेत. पुढच्या वर्षी त्यातली किती उघडी असतील, हे माहीत असणं हे माझं काम आहे. अठ्ठावीस मला माहीत आहेत. तुझं गावातल्या कोणालाही विचारलं तर कळेल. मिसेस स्टाउटना माहीत आहे, डेल क्रिबल यांना आहे, मॅरिसोललाही आहे. परवा ती बोलता बोलता थांबली आणि तिनं विषय बदलला. मी कोणाला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तू हे वर्ष काढणार आहेस, की ईस्टर झाल्यावर थांबणार आहेस, की अजून ठरवलंच नाहीस, मला ठाऊक नाही.

मला एवढंच करता येतं की रोज सकाळी त्या फुटपाथवरून जायचं आणि तुझं दार बघायचं. सोमवार ते शनिवार उघडं होतं.

आज रविवार आहे. उद्या बघेन.

लिडिया